वजा केलेला आवाज

४ नोव्हेंबर
आलो बाई एकदाची कळंब्याला! ल्योक जिनेंद्र गडमुडशिंगीस्नं गाडीत घालून घेऊन आला. नात आदिती पाच महिन्यांची, गाल म्हंजे लोण्याचे गोळे. सूनबाई ऐश्वर्या उद्यापासनं कामावर जाणार. बाळानं दिवसभर काय केलं ते लिवून ठेवा म्हणाली. माझी शाळा तिसरीपतोर, पण लिवतो की. वरच्या मजल्यावरची मेहमुदा आली, चहा पाजला, तिच्या गुडघ्याचं सगळं ऐकलं. काय लिवत हुतो? हां, आदिती. माझ्या अव्वाचं, म्हंजे आईचं, कानडी अंगाईगाणं ऐकून झोपली. घरात दुसऱ्या कुणाला कानडी येत न्हाय. सूनबाई हसली, म्हणाली, आई, तुमचा आवाज तळ्यापल्याड जातोय.

६ नोव्हेंबर
जिनेंद्र मोबाइल टॉवरच्या कामात हाय. त्यानं दोन डब्या आणल्या. एक पाळण्यापाशी, एक माझ्या कमरंला. भाकऱ्या थापताना पोरगी रडली तर कमरंला ऐकू येतं. गंमतच! पण आज तिला निजवून स्वयंपाकघरात आलो, तर डबीत गाणं चालूच. बारीक. माझंच गाणं.
जिनेंद्र म्हणाला, हवा एकच, हजार जणांचं बोलणं तिच्यातनंच जातं. कुणाला वेगळी पट्टी, कुणाला वेगळी पाळी, कुणाला वेगळी खूण, म्हणून कालवाकालव होत न्हाय. शेजारची डबी आपल्या पट्टीवर आली असंल. मी म्हटलं, म्हंजे मळ्यातल्या पाण्याच्या पाळीगतच की. त्यानं पट्टी बदलली.

९ नोव्हेंबर
तरी डबीत ते गाणं हायच. मेहमुदा म्हणाली, ह्या बिल्डिंगीत दुसरं तान्हं पोरच न्हाय. मी गायला लागलो की तो आवाज माझ्या आवाजाखाली दडतोय. मी थांबलो की उरतोय. आज तो आवाज कानडीत म्हणाला, बा कूसा, बा. म्हंजे ये बाळा, ये. जिनेंद्रला नुसती खरखर ऐकू आली.

११ नोव्हेंबर
जिनेंद्रनं तोड काढली. दोन आवाज एकावर एक असले तर जोरातला आधी ओळखायचा, वजा करायचा, मग खालचा सुटा होतो. त्यानं डबीला माझा आवाज शिकवला. मी खुशीत सगळी कडवी गायलो. मग खालचा आवाज स्वच्छ आला. जिनेंद्र म्हणाला, आई, हा तर तुझाच पडसाद.
तवा तर मी तोंड मिटून बसलो हुतो.

१२ नोव्हेंबर
सूनबाईला चहा विचारला. परत विचारला. मान वर केली न्हाय. मेहमुदा दारात येऊन म्हणाली, राजमतीअक्का, आज गप का?
मी बोलत हुतो. मोठ्यानं.

१३ नोव्हेंबर
आदिती माझ्या गाण्याला बघत न्हाय. डबीकडं बघून हसती. डबी बंद केली — गाणं थांबलं न्हाय —

१४ नोव्हेंबर
जिनेंद्रनं विचारलं, आई जेवलीस? मी न्हाय म्हटलं. माझ्या कमरंची डबी व्हय म्हणाली. तो गेला.
ही वही सूनबाईम्होरं धरली. पानं उलटली. म्हणाली, आईंनी अकरा तारखेपासनं काय लिवलंच न्हाय —

१५ नोव्हेंबर
दोघं कामावर. दोरी माझ्या हातात न्हाय, पाळणा हलतोय. आदितीनं हात वर केले — कुणाकडं — बा कूसा —
उचलली तिला — मी न्हाय, त्या आवाजानं — मेहमुदा, अगं धावत ये, माझी पोर —