बिनबदामाची बोटं

प्रिय कॉरिन,

आपल्या घरांमध्ये गाडीनं अकरा मिनिटांचं अंतर, आणि सासू पत्र लिहितेय म्हटल्यावर तुला धसका बसेल. माझी तब्येत ठणठणीत आहे, रसेललाही काही झालेलं नाही. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की मी खोटं बोलते, हे गेल्या नऊ दिवसांत माझं मला कळलंय. कालही बोलले. म्हणून सकाळीच वहीचे कागद फाडून बसलेय.

आधी एमेटचं. त्यानं शाळेत रुग्णवाहिकेच्या भोंग्याची नक्कल करून दाखवली, असं तू काल सांगितलंस. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात खालीच बसले. डोळे मिटले की मला त्याचे ओठ दिसतात. हॅलोवीनची संध्याकाळ, चर्चच्या आवारात गाड्यांच्या डिक्या उघड्या, त्यात खाऊ मांडलेला, सोंगं घेतलेली पोरं बादल्या घेऊन एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर धावतायत, आणि हाडं रंगवलेले कपडे घातलेला आपला सात वर्षांचा सांगाडा माझ्यासमोर येऊन म्हणतो, "आजी, माझा घसा छोटा झालाय." मला वाटलं, नाटक करतोय. मी हसले गं. तू पळत आलीस, त्या कपड्यांवरूनच मांडीत ॲलर्जीची सुई टोचलीस, आणि मी हातात ताट धरून तशीच उभी. तुझ्या जागी मी एकटी असते तर काय झालं असतं, ह्या विचारानं अजूनही रात्री उठून बसते.

मग तू त्याची बादली उपडी केलीस. चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बर्निसचा मक्याच्या लाह्यांचा लाडू निघाला, अर्धा खाल्लेला. तू तिला सगळ्यांसमोर काय काय बोललीस ते तुला आठवतही नसेल. तुला दोष देत नाही, त्या क्षणी कुठलीही आई तेच करते. पण चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, डोक्यावर चेटकिणीची टोपी, पातेलं दोनदा धुतलं होतं म्हणाली, मग म्हणाली एकदाच धुतलं असेल, मग म्हणाली आदल्या आठवड्यात त्यात शेंगदाणे परतले होते का ते आठवत नाही. बर्निस तशीच आहे. दोघांनी सांगितलं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर ही बघायला जाईल. रुग्णवाहिकेत चढताना तू म्हणालीस, यापुढे ओपलच्या, म्हणजे माझ्या, हातचं सोडून ह्याला कुणाचं काही द्यायचं नाही. मी ते ऐकलं, आणि तुझा कोट घेऊन मागोमाग निघाले.

तुला आठवतं, तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याचा सुकामेवा बंद केला, तेव्हा मी काय म्हणाले होते? ही सगळी हल्लीच्या आयांची खुळं. तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, आणि बरोबरच होतं. तेव्हापासून मी ठरवलं, ह्या सुनेला परत बोलायला जागा ठेवायची नाही. यंदा हॅलोवीनला तर डोळ्यांत तेल घालून बसले होते. अंड्याच्या पांढऱ्याची भुतं केली, थडग्याची माती म्हणून पुडिंगवर काळ्या बिस्किटांचा चुरा पसरून त्यात जेलीच्या अळ्या खोचल्या. आणि त्याची लाडकी बिस्किटं, चेटकिणीची बोटं. पेरांवर सुरीनं रेघा, नखाखाली रक्त म्हणून रासबेरीचा जॅम. आपल्या गावात ह्या बोटांना सोललेल्या बदामाचंच नख लावतात, माझ्या आईपासून तेच. मी भोपळ्याच्या बिया लावल्या. नवीन ताट आणलं, भांडी दोनदा उकळत्या पाण्यातून काढली, बियांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. त्यानं आधी तीन बोटं खाल्ली, मग तो लाडू.

दवाखान्यात तू आत होतीस आणि मी बाहेर तुझा कोट धरून बसले होते. डोळे पुसायला बाही तोंडाशी नेली आणि वास आला. बदामाचा. सकाळी तोच स्वेटर घालून मी पीठ मळलं होतं. कॉरिन, माझ्या आईच्या पिठात अर्धा चमचा व्हॅनिला आणि अर्धा चमचा बदामाचा अर्क पडतो. चाळीस वर्षं त्या दोन बाटल्या शेजारी शेजारी आहेत, एक उचलली की हात आपसूक दुसरीकडे जातो. डोकं नखांची राखण करत बसलं आणि हातानं आपलं काम केलं. घरी आले तर दोन्ही बाटल्या ओट्यावर, दोन्हींची झाकणं उघडी.

दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन आले, तुझी भांडी घासली, आणि तुझ्याकडे आलेला उरलेल्या बोटांचा डबा पिशवीत घालून निघाले. मी आवराआवर करतेय असं तुला वाटलं. तू दारात मला मिठी मारलीस. घरी येऊन मी ती बोटं फेकून दिली. बाटली उघडली ती चूक होती. डबा नेला ती चूक नव्हती, ते मी समजून उमजून केलं. भीतीनं केलं. तुझे सासरे, हार्लन, गेल्यापासून मंगळवारी आणि गुरुवारी एमेटला शाळेतून आणायचं, एवढंच माझ्या आठवड्यात आहे. ते तू काढून घेतलंस तर मी दिवसभर करायचं काय, दुसरं काही सुचलंच नाही.

काल तू म्हणालीस, शनिवारी त्याचा वाढदिवस आहे आणि त्याला पुन्हा तीच बोटं हवीत, कारण भरवसा फक्त माझ्या हातांचा. बोलता बोलता हेही सांगितलंस की डॉक्टर आता त्याची मक्याची तपासणी करणार आहेत, आणि बर्निसनं चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या परत केल्या. "हो गं, करते की," मी म्हणाले. मग फोन ठेवला. अर्क न घालता केली असती तर आयुष्यभर कुणाला पत्ता लागला नसता. इतकं सोपं होतं ते, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. म्हणून हे पत्र लिहिण्याआधी मी बर्निसकडे जाऊन आले. दारातच सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "ओपल, मी नऊ दिवस स्वतःला लेकराची खुनी समजतेय." आता तिच्याकडे तुला जायला लागेल. मी सोबत येईन, तुला चालत असेल तर.

ह्या पाकिटाबरोबर अर्काची बाटली ठेवलीय, डॉक्टरांना दाखव, म्हणजे मक्याच्या मागे लागायचे नाहीत. शनिवारचा खाऊ दुसऱ्या कुणाकडून कर. मी बोलावल्याशिवाय येणार नाही, आणि रसेल माझा मुलगा असला तरी त्याला मध्ये घालणार नाही. फक्त एमेटनं विचारलं तर आजीला बरं नाही असं सांगू नकोस. सांग, आजीच्या हातून झालं, बर्निसच्या नाही, आणि आजी ते सांगायला घाबरली.

तुझीच,
ओपल