ब्रॉनविन टीचरचे नियम आणि माझी बाजू

४ मार्च, मंगळवार
आणि वर म्हणे, मला नुसतं ब्रॉनविन म्हणा. बाकीचे नियम एकवेळ पाळीन, पण हा कसा पाळायचा? आईच्या वयाची बाई. मी आदराने जमिनीकडे बघत ‘टीचर’ म्हणालो, तर विचारते, फालानिको, तुझं काही पडलंय का खाली?
नियमांचा कागद पाठपोट छापलेला. उशीर झाला की मार्क कापणार. आधी कच्चं लिहायचं, मग पक्कं. शेजाऱ्याच्या लिखाणातल्या दोन चुका त्याच्या तोंडावर सांगायच्या. आणि सगळं स्वतःचं, स्वतःच्या शब्दांत. हा कॉलेजचा पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग आहे की पोलीसचौकी?
शाळा मी मधेच सोडली ती कंटाळून. जमत नव्हतं म्हणून नाही. आता सगळ्यांना कळेल.
संकल्प : रोज कामाआधी एक पान.

९ मार्च, रविवार
पान झालं नाही. रताळी. दिवसभर शेतात वाकून रताळी उचलणाऱ्या मजुराला विचार सुचत नाहीत, पाठ सुचते.
चर्चनंतर आईचा फोन. सामोआत आमच्या गावच्या पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, फालानिको ऑस्ट्रेलियात कॉलेजात जातो. माझ्यासाठी वेगळी प्रार्थना झाली. आता नापास होणं शक्य नाही. देवाच्याही अब्रूचा प्रश्न आहे.
सिनालेईचं तिकडे राजधानीतलं, आपियातलं कॉलेज एक वर्ष पुढे ढकललं. तिच्या फीचे पैसे माझ्या लॅपटॉपला लागले. ती सध्या दुकानात काउंटरवर उभी असते. धाकटी बहीण आहे, तिला कसली घाई? तिचं तिने काही म्हटलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

१८ मार्च, मंगळवार
आज चुका सांगायचा दिवस. शेजारी डार्सी, ट्रक चालवतो. त्याने मेलेल्या कुत्र्यावर लिहिलेलं. ज्याचा कुत्रा मेला त्याला चुका सांगायच्या? मी माणूस आहे की कोण? मी म्हणालो, फार छान, आणि माझ्या डब्यातलं अर्धं कॉर्न्ड बीफ त्याला दिलं. त्याने ते खाल्लं आणि माझ्या कागदावर लिहिलं, ‘यातलं मला काही कळलं नाही.’
टीचरने आम्हा दोघांत मलाच कमी मार्क दिले. म्हणाली, तू डार्सीला मदत केली नाहीस. कॉर्न्ड बीफ धरलंच नाही.

२६ मार्च, बुधवार
सिनालेईला फोन. निबंध मी बोलणार, ती टाइप करून पाठवणार. एवढंच. विषय माझा : आजोबांची होडी. वादळ आलं, होडी गेली. माझं सांगून झालं. पण ही सोडेना. म्हणे, होडीला वास कसला यायचा रे? दुसऱ्या दिवशी आजोबांनी आधी काय केलं? अगं, मला काय माहीत, मी झोपलो होतो. तर म्हणाली, मी नव्हते झोपले.
फार वेळ खाल्ला तिने माझा.

८ एप्रिल, मंगळवार
वर्गात सर्वांत जास्त मार्क. टीचरने मोठ्याने वाचून दाखवलं. ‘वादळानंतर आजोबा होडी शोधत नव्हते, नवी होडी बांधायला जागा शोधत होते.’ इथे ती थांबली. डार्सीनेही मान हलवली. टीचर म्हणाली, हे वाक्य कुठून आलं तुला? मी जमिनीकडे बघत म्हणालो, आलं.
सिनालेईने विचारलं, टीचर काय म्हणाली? मी म्हणालो, ठीक आहे म्हणाली. जास्त सांगितलं तर पोर चढून बसेल.
संकल्प : पुस्तक लिहिणे.

२९ एप्रिल, मंगळवार
गेल्या आठवड्यात सिनालेई म्हणाली, दुकानात उभी राहून पाय सुजलेत, या खेपेला तू लिही, मी नुसती नजर टाकते. मग कुटुंब कशाला असतं? मी रागावलो. लिहिलं तिने. आज पुन्हा सर्वांत जास्त मार्क. माझं रागावणं बरोबर होतं.

१३ मे, मंगळवार
न सांगता वर्गातच लिहायला बसवलं. फोन पिशवीत. विषय : माझा एक दिवस. खुर्ची डुगडुगत होती. मी लिहिलं, ‘मी उठतो. मी रताळी उचलतो. मग दिवस संपतो.’ खरं तर यात सगळं आलं.

१५ मे, गुरुवार
टीचरने बोलावून होडी आणि रताळी शेजारी शेजारी ठेवली. ही दोन्ही तूच लिहिलीस?
मी तिला नीट समजावलं. आमच्याकडे मोठा मताई, म्हणजे गावचा प्रमुख, सभेत स्वतः बोलत नाही. त्याचा वक्ता उभा राहून बोलतो. तरी भाषण प्रमुखाचंच. तसं होडी माझीच. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, पण तुमच्याकडे वक्ता सगळ्यांसमोर उभा असतो ना? तुझा कुठे दिसतोय?
घरून आणलेले दोन्ही निबंध शून्य. तीन जूनला तिच्यासमोर बसून नवा लिहायचा. आणि म्हणाली, जिने किंवा ज्याने होडी लिहिली, त्याला सांग, वर्गात बस.
बाकी वादात मीच वरचढ होतो.

१८ मे, रविवार
लेआतो काका आमच्या मजुरांच्या टोळीचे म्होरके आणि तिकडे गावी मताई. वक्त्याची गोष्ट त्यांना पटणारच म्हणून जेवणाआधी सगळ्या पोरांसमोर काढली. ते तारोचे कंद सोलत होते. म्हणाले, बरोबर आहे तुझं. वक्ता कोण होता?
मी म्हणालो, सिनालेई.
सुरी थांबली. म्हणाले, बहिणीला राबवलंस? आपल्यात भावाने बहिणीला वाढायचं असतं, रे. चुलीचा धूर भावाने खायचा, पहिला घास तिचा. तू तिची फी खाल्लीस आणि वर तिच्याकडूनच वाढून घेतोस? इथलं तुझं कॉलेज राहू दे. हे तुला कॉलेजात गेल्यावर कळायचं होतं का?
पोरं हसली असती तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. माझं ताट भरून समोर आलं. ते तसंच ठेवून उठलो.
फोन केला. सिनालेईने आधी हेच विचारलं, दुसरा निबंध आवडला का रे टीचरला? या खेपेला सगळं सांगितलं. होडीच्या वाक्यावर टीचर थांबली होती, तेही. म्हणाली, कुठल्या शब्दावर थांबली, पुन्हा सांग.

३ जून, मंगळवार
लिहिलं. स्वतःचं, स्वतःच्या शब्दांत, एक पान. ‘माझी बहीण’. टीचर म्हणाली, पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. मी म्हणालो, थँक यू, ब्रॉनविन. जमिनीकडे बघूनच.
नापास. आवाजाला इतकेच मार्क असतात म्हणे. पुढच्या वर्षी पुन्हा. मीही तसंच ठरवत होतो.
आईला सांगितलं, वर्ग लांबला. पाद्रीबाबांना तीच सांगेल.

६ जून, शुक्रवार
लॅपटॉप डार्सीने घेतला. त्याचे चारशे, आणि पगारातले चारशे वीस. आपियातही पहिल्या वर्षाला लेखनाचा वर्ग असतो म्हणे, नियम हेच. सिनालेईला बजावलं, कुणाच्या चुका काढायला लाजू नकोस. म्हणाली, तुझ्यावर चांगला सराव झालाय.
संकल्प : रोज एक पान. सोमवारपासून.
सिनालेईच्या फीला पाठवले : आठशे वीस डॉलर.