न वाचता बंद केलेला प्रस्ताव

३ मार्च, उंटरश्लाइसहाइम
नवं व्हर्जन बाहेर पडलं. मजकूर हाताळणारी माझी चार स्ट्रिंग फंक्शन्स आता आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कोअर लायब्ररीत, तिच्या मूळ संचात. पहिलं अक्षर दे, शेवटचं दे, इतक्या अक्षरांवर काप, उलटं कर. इतकी वर्षं प्रत्येक जण हे आपापलं हातानं लिहीत होता. लायब्ररीचं सगळं बघतो तो टोमास कॉलवर म्हणाला, "मीनल, एंडलिश! एकदाचं झालं!" अनिरुद्धनं येताना केक आणला. लेकीनं "ग्लुकवुन्श, ममा" असं अभिनंदन करत मोठा तुकडा उचलला. छान वाटलं. खरंच.

९ मार्च
पहिली तक्रार. कोलोनहून, वैशाली गायकवाड, पीएचडी करते. दोन ओळी आणि स्क्रीनशॉट. "ज्योती"चं पहिलं अक्षर: ज. शेवटचं: नुसती दुसरी वेलांटी, ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली. उलटं केलेलं तर बघवत नाही.
उमलाउटवर, म्हणजे जर्मनमधल्या ठिपकेवाल्या अक्षरांवर, टेस्ट केलं होतं. इमोजीवरसुद्धा. मराठीवर नाही. माझं स्वतःचं नाव घालून बघितलं. मीनलचा नुसता म, वेलांटी गायब.
"आभार, बघते" असं उत्तर टाकलं. हिचं नाव कुठेतरी वाचलंय.

१० मार्च
सापडलं. दोन वर्षांपूर्वी हिनंच प्रस्ताव पाठवला होता. हीच चार फंक्शन्स, फक्त तिच्यात अक्षर म्हणजे माणूस ज्याला अक्षर म्हणतो ते. काना, मात्रा, जोडाक्षर, सगळं धरून. मराठी, तमिळ, थाई, सगळ्याच्या टेस्ट लिहिलेल्या.
खाली उत्तर माझं. "उपयोगी आहे, पण कोअरसाठी फार विशिष्ट. वेगळं पॅकेज करावं." बंद. प्रस्ताव आल्यापासून अकरा मिनिटांत. आज नीट वाचला तर अर्धा तास लागला.
आणि फंक्शन्सची नावं. माझी नावं तीच आहेत. मुद्दाम घेतली नाहीत, चाळताना डोक्यात राहिली असणार... इथेही स्वतःची वकिली चाललीय.

१४ मार्च
अनि.ला सांगितलं. "अगं, दोन वर्षांपूर्वीचं कोण उकरून काढतंय?"
मग तोच म्हणाला, "तूच काढलंस ना? मग लिही तिला."
तीनदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच गेलं, की कामासाठी कोलोनला येतेय, भेटशील का. भित्री आहे मी.

२० मार्च, कोलोन
गाडी नेहमीसारखी उशिरा. वैशाली युनिव्हर्सिटीच्या मेन्सात, कँटीनमध्ये, थांबली होती, माझ्यासाठी कॉफी घेऊन. नागपूरची. पहिल्याच वाक्यात "ताई". त्यानं जास्तच लागलं.
सगळं सांगितलं. न वाचता बंद केलं, नावंही तुझीच आली.
"मला वाटलं माझंच काही चुकलं असेल," म्हणाली. "तुमचं आडनाव बघून बरं वाटलं होतं. म्हटलं, मराठी माणूस आहे, ह्यांना तरी कळेल."
मग कळलं ते असं. थीसिसमधलं एक प्रकरण ह्यावरच होतं. प्रोफेसर म्हणाले, कोअर टीमनंच नाकारलं तर त्यात अर्थ नाही. प्रकरण गाळलं. विषय फिरवला. एक वर्ष गेलं.
मी म्हटलं, तुझं नाव घालते, लेखक म्हणून.
"त्या मोडक्या फंक्शन्सवर? नको हो ताई." हसली, पण... "बंद का केलं ते तिथेच लिहा, सगळ्यांना दिसेल असं. माझ्या प्रोफेसरांनाही दिसू दे."
कॉफीचे पैसेही तिनंच दिलेले. परतीच्या गाडीत लॅपटॉप उघडलाच नाही.

२३ मार्च
टोमासला सांगितलं. चिडला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, आल्झो, हे बघ, एकदा कोअरमध्ये गेलेलं काढता येत नाही, लोकांचे प्रोग्रॅम त्यावर चालतात. शेजारी नवी, नीट फंक्शन्स घालू. म्हणजे माझी चुकलेली तिथेच राहणार. नाव सोपं असल्यामुळे नवशिके आधी तीच उचलणार.

२७ मार्च
तिच्या जुन्या प्रस्तावाखाली लिहिलं. "हा मी न वाचता बंद केला. नंतर ह्याच नावांनी अपुरं काम माझ्या नावावर घातलं. ह्यातलं बरोबर होतं ते वैशाली गायकवाड यांचं." प्रस्ताव पुन्हा उघडला. खाली लगेच अंगठे आणि बदाम. "किती प्रामाणिक!" पुन्हा माझंच कौतुक. वै.बद्दल कुणी एक ओळही लिहिली नाही.

२ एप्रिल
वै.चा फोन. प्रोफेसरांनी वाचलं, पण प्रकरण परत घ्यायला आता मुदत नाही. ती तरीही नवी फंक्शन्स लिहायला तयार आहे.
"एकच अट आहे, ताई. राग मानू नका. रिव्ह्यू तुम्ही करायचा नाही."
मी लगेच हो म्हटलं.
दुपारी टोमासला विचारलं, दुसरं कोण बघेल? तो म्हणाला, "पण टीममध्ये ही लिपी वाचता येणारी तू एकटीच आहेस."
गेनाऊ. तेच तर.
वै.ला हे आणि टोमासला तिची अट, दोन्ही अजून कळवलेलं नाही.