अळणी घरातला चेकर

४ जानेवारी १९८८, सोमवार
डोकं सणकलंय. मंजूच्या किडन्या बिघडल्यात. नऊ वर्षांची पोर, तोंड-पाय फुगलेत. ठाण्याची डॉक्टरीणबाई म्हणते, मीठ बंद. कोलशेतच्या कोळ्याच्या घरात मीठ बंद. वर म्हणते, पोरगी जेवत नाही, बोलत नाही, तिला काहीतरी सांभाळायला द्या, एखादा मासा वगैरे. मी म्हटलं, बाई, आमच्यात मासा सांभाळत नाहीत, साफ करतात. मालन माझी बायको असून डॉक्टरणीच्या बाजूने.
संकल्प : मंजू बरी होईपर्यंत मीही अळणी जेवणार. बाप आहे मी.

५ जानेवारी
अळणी डाळभात समोर आला. बघूनच पोट भरलं. खोपट डेपोच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली. कंडक्टरला आठ तास उभं राहायचं असतं, लोकांना काय कळणार. संकल्प घरापुरता होता. मोडलेला नाही.

१० जानेवारी, रविवार
खाडीवर गेलेलो. दुकानातला रंगीत मासा आणला असता तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. निवटी आणली, खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. बिस्किटांच्या बरणीत चिखल आणि थोडं खाडीचं पाणी. निवटी पाण्याबाहेर येऊन बसते, डोळे डोक्यावर, बटबटीत. मंजू म्हणाली, बाबा, हा तुमच्या एसटीतल्या चेकरसारखा बघतो. झालं, नाव पडलं चेकर. चेकर या जातीने मला दोनदा मेमो दिलाय, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी तेच नाव.
आय विचारत होती, कालवण कधी करायचं. म्हातारीला झापलं.
मंजू आज पूर्ण जेवली. योगायोग.

१९ जानेवारी
मालन रोज सकाळी मंजूची लघवी टेस्ट ट्यूबमध्ये तापवते, प्रथिनं जात असली की पांढरं साकळतं. आज पांढरं कमी दिसलं. सूजही उतरलीय.
चेकरला खारं पाणी लागतं. बरणीतलं आटलं की मंजू विहिरीच्या पाण्यात चमच्याने मोजून मीठ कालवते. म्हणते, माझ्या वाटणीचं चेकरला. मग त्याच्याशी गप्पा मारत स्वतः अळणी भात खाते. सुई टोचली तरी रडत नाही, घरी येऊन चेकरला हात दाखवायचा असतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा, मी सांगितलं होतं. मी म्हटलं, निवटी कोणी आणली ते आधी बघा.

२४ जानेवारी, रविवार
मालन बाजारात गेलेली. पोरीचं उतरलेलं तोंड बघवेना. चिमूटभर सुका जवळा भाजून दिला. जवळ्याला आम्ही मीठ लावतच नाही, नुसता उन्हात वाळवतो. डॉक्टरणीने बंद केलंय ते मीठ, जवळा नाही. मंजू म्हणाली, नको बाबा. मी म्हटलं, बाप देतोय, खा. चेकर काचेवर चढून टकामका बघत होता. त्याच्याकडे पाठ करून बसलो.

३१ जानेवारी, रविवार
आज मूठभर. आमचा हात मोठा, चिमटीत काही मावत नाही.

३ फेब्रुवारी
सूज परत. डोळे उघडत नाहीत. पाय बोटाने दाबला की खड्डा पडतो. सगळे एकजात नालायक. गोळ्या बोगस. मालनचं लक्ष नाही. आय चोरून लोणचं देत असणार. तेवढ्यात बरणीशेजारी मिठाचा डबा दिसला. मंजूला दरडावून विचारलं, तूच चाटतेस ना. ती माझ्याकडे बघत राहिली. बरणी उचलली आणि चेकरला खाडीत ओतून आलो. घरात शिस्त लागते.
मंजू रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीय.

५ फेब्रुवारी
दोन दिवस पोटात अन्न नाही. अ‍ॅडमिट केली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मीठ कोणी दिलं. मंजू म्हणाली, मी चेकरचं चाटलं. मालनला रडू फुटलं. मी म्हटलं, बघा, मी ओळखलंच होतं. मग बाईंना बजावलं की माझ्याकडून हयगय नाही, जवळासुद्धा मी तिला बिनमिठाचाच दिलाय, दोन रविवार.
बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, समुद्रात साखर असते का.
जवळा खाऱ्या पाण्यातला, हे कोळ्याला डॉक्टरणीने शिकवावं. मंजूने डोळे मिटून घेतलेले.

७ फेब्रुवारी, रविवार
ओहोटीला खाडीत उतरलो. तीन तास गुडघाभर चिखल. निवट्या शेकड्याने, सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. एक धरली. नर्सच्या हातापाया पडून बरणी वॉर्डात नेली. मंजूला म्हटलं, चेकर परत आला.
तिने नीट बघितलं. म्हणाली, हा तो नाही बाबा, हा नवीन आहे. मग हळूच म्हणाली, याला जवळ्याचं सांगू नका, याला काहीच माहीत नाही.
तिने अर्धा भात खाल्ला. उरलेला मी खाल्ला.
अळणी भात असा लागतो. पोर महिनाभर हे खात होती.