चिनी लोणचं

आबा, आधी पाहुणी आली, नवरा मागून. तो खालीच थांबलेला, इमारतीच्या पाटीवर काय काय मना आहे ते वाचत. जपानात पाटीशिवाय कोपरा मिळायचा नाही. मी ओजिमाला लेकाकडे आलेय, नातीला सांभाळायला, म्हणजे नातच मला सांभाळते. आलेली दोघं लेकाच्या ऑफिसातली, कॉम्प्युटरवाली, आणि मुलखाने तुमच्या रंगूनची. मला इतका आनंद झाला की थालीपीठ करपलं. दुसऱ्या दिवशी दोघं विमानाने घरी जाणार होती, त्याच्या म्हाताऱ्या आईला इकडे आणायला. तिकडे भिक्षू सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेत म्हणे, दिवस बरे नाहीत. त्यांना मराठी येत नाही, मला जपानी. नात मध्ये बसून दोन्हीकडे पोचवत होती. जेवणं झाल्यावर मी तुमचा वेताचा चेंडू काढला. मेतकुटाच्या डब्याशेजारी बॅगेत घालून आणला म्हणून सून अजून हसते. "आई, कस्टमवाल्यांना काय सांगितलं असतंत, लाडू आहे म्हणून?" पाहुण्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि हळूच म्हणाला, "चिनलोन."

तुमच्या तोंडचा शब्द, आबा. आई त्याला चिनी लोणचं म्हणायची आणि लोणच्याच्याच शिंक्यात ठेवायची. मी दुसरीत असेन, माझी शाळा कायमची सुटायच्या आधीचं. शिंक्यातून काढून अंगणात लाथ मारली, आणि तो तुळशीपाशी पडला. तुम्ही मारलं नाहीत. उंबऱ्यात उभे आहात, तोंड पांढरंफटक, आणि म्हणताय, "पडला की माणूस जातो." आईने पुढे सांगितलं. रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा लाकडाच्या वखारीतले तुम्ही सहाजण देशाकडे चालत निघालात. संध्याकाळी थांबाल तिथे गोल करून हा चेंडू पायाने उडवायचा, पाय अजून आपलेच आहेत ना ते बघायला. एकदा तो पडला, आणि सकाळी एकजण उठला नाही. पुन्हा पडला, पुन्हा तेच. घरी पोचलात ते तुम्ही आणि चेंडू.

पाहुणा सांगतो, हा राजांच्या वेळचा खेळ. देवळाच्या जत्रेत वाजंत्री लावून खेळतात, एकजण मध्ये नाचल्यासारखा, बाकीचे भोवती. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, सगळ्यांनी मिळून चेंडू वर ठेवायचा. खाली मलायात हाच चेंडू दुसऱ्या नावाने. तिथे पुढे मध्ये जाळी आली, दोन बाजू आल्या, गुण आले. "म्हणजे भांडण आलं," मी म्हटलं. ते नातीने बहुधा पोचवलंच नाही.

मग खाली सायकली लावतात तिथे आम्ही गोल केला. पाहुणे दोघं, लेक, सून, नात, आणि साडीखाली सुनेचे बूट घालून मी. मला धरून सहा झाले, तुम्ही निघालात तितकेच. पण काय उडवतो पाहुणा, टाचेने, गुडघ्याने, पाठीमागून. वेताचा टक टक आवाज, त्याची बायको हसतेय, मी टाळ्या पिटतेय, आणि चेंडू पडला. त्याच्याच पायाशी.

माझं तोंड तुमच्यासारखं झालं असावं. तो मात्र हसला. नात म्हणाली, "आजी, तो म्हणतो, बॉल पडणारच. पडला की उचलायचा, परत सर्कल करायचं." एवढंच होतं, आबा. तुमच्याकडे परत गोल करायला माणसंच उरली नव्हती.

त्याने चेंडूसाठी हात पुढे केला. मी आधीच उचलून पदराखाली धरला होता. म्हटलं, चहा निवतोय.

आता टीव्हीवर रंगूनच्या रस्त्यात शिपाई दिसतात. लेक त्या दोघांना फोन लावतो, लागत नाही. "लाइन बंद असेल, आई," म्हणतो आणि पुन्हा लावतो. सून लाडवाची थट्टा करत नाही. नात विचारते, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं. कुठल्याच नाही, बाळा. हे फक्त आबांना सांगायचं होतं की चेंडू मी द्यायला हवा होता, खेळ अर्धा राहिलाय. निघताना दोघं म्हणाली, आईला घेऊन पुनवेला येतो. त्यांच्याकडेही त्या पुनवेला दिवे लावतात. मी म्हटलं, दूध मी आटवते, चेंडू तू उडव. कोजागिरी परवा आहे.