सहा नंबरचं टेबल, एक हजार चाळीस लक्स

सोमवार, ३ मार्च

आज रुजू झालो. गिरणी लोकरी कापडाची आहे, उंची सुटांचं कापड विणते. माझं पद प्रकाश-तपासनीस. फाटकावरच्या दरवानाला ते सांगितलं तर म्हणाला, म्हणजे बल्ब बदलणारे का. मी सरळ आत गेलो. अशांना उत्तरं देत बसलो तर आयुष्य पुरायचं नाही.

दिवस मात्र छान गेला. स्वतंत्र खोली, कुलपाचं कपाट, खिडकीत ऊन. प्रकाशमापक टेबलावर ठेवला तेव्हा मॅनेजरसुद्धा उठून बघायला आला. टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र, वायरीच्या टोकाला पांढऱ्या घुमटाची चकती. चकती कामाच्या जागी ठेवायची, आपली सावली पडणार नाही इतकं मागे सरकायचं, आकडा स्थिरावला की टिपायचा. मेणबत्तीपासून मीटरभर लांब जेवढा उजेड पडतो, तो साधारण एक लक्स. बारीक सुईकामाला हजार लागतात. मॅनेजरला हे दोनदा सांगावं लागलं.

मुक्काम ताईकडे. तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पंच्याऐंशी लक्स. भाऊजी ज्या कोपऱ्यात पेपर वाचतात तिथे चाळीस. मी आकडे सांगितले तर भाऊजी म्हणाले, बातम्या तरी कुठे वाचण्यासारख्या असतात. त्यांना वाटलं हा विनोद झाला.

मंगळवार, ४ मार्च

रफूचा विभाग. मागावरून उतरलेल्या कापडात कुठे धागा सुटलेला असतो, कुठे भोक पडलेलं असतं. इथल्या बायका त्याच कापडाच्या काठाचा धागा ओढून घेतात आणि सुईने ते भोक असं विणून टाकतात की पुन्हा सापडत नाही. आठ टेबलं, बायका सात. सहा नंबर रिकामं. का, म्हणून विचारलं तर सगळ्या एकदम कामात बुडाल्या.

शेवटी मोठ्या बाई बोलल्या. तीस वर्षांची नोकरी, सगळ्या त्यांना वचकून. तिथे अंधारतं, असं त्यांचं म्हणणं. आधीच्या दोघी तिथे बसल्या आणि दोघींनाही नोकरी सोडावी लागली.

मी चकती ठेवली. एक हजार चाळीस. सबंध दालनात सगळ्यांत जास्त. मी आकडा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी सुईवरून नजरही काढली नाही. म्हणाल्या, "आकडा बरोबरच असेल. यंत्राला कुठे पापण्या आहेत?"

हे लोक विजेच्या दिव्याखाली बसतात म्हणून आधुनिक म्हणायचे, इतकंच.

गुरुवार, ६ मार्च

अहवालाचा मसुदा लिहिला. तक्रारी निराधार, कारण मानसिक. सहा नंबरवर ताबडतोब माणूस बसवावं, म्हणजे भुणभुण आपोआप थांबेल, असं सुचवलं. मॅनेजरने विचारलं, कुणाला. मी त्या सातजणींतल्या चष्मेवालीचं नाव दिलं. तिचा तोंडाचा पट्टा सर्वांत जास्त चालतो, आणि मी वाकून चकती ठेवत असताना ती माझी नक्कल करत होती. काचेत दिसलं मला.

ती खोलीवर आली. हवं तर दिवसभर उभं राहून काम करते, पण तिथे नको, असं अजिजीने म्हणत होती. मी यंत्राकडे बोट दाखवलं.

सोमवार, १० मार्च

चष्मेवालीचा तिसरा दिवस. यंत्र तिच्यासमोरच ठेवलं आहे, आकडा तिच्याकडे तोंड करून. एक हजार चाळीस. दर तासाला जाऊन विचारतो, काय दिसतं. सकाळी म्हणाली, विरळ जाळीतून पाहिल्यासारखं. दुपारी म्हणाली, जाळी दाट झाली. हात मात्र सपासप चालू. अंदाजाने करते म्हणे. वर्गात पोटात दुखतं म्हणणारी मुलंसुद्धा याहून बरं नाटक करतात.

बुधवार, १२ मार्च

अकराच्या सुमारास चष्मेवाली उठली, दोन्ही हात पुढे धरून चालू लागली आणि खांबावर आपटली. कपाळ फुटलं. नवरा येऊन घेऊन गेला. गिरणीच्या डॉक्टरने तपासलं. बुबुळं स्वच्छ, फक्त पापण्यांचे केस एकमेकांत अडकल्यासारखे. कोमट पाण्याने धुवा, म्हणाला.

ताईला गंमत म्हणून सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "तूच बसवलंस ना तिला तिथे?" मग भाऊजींना वाढायला निघून गेली. माझ्या बहिणीचं शिक्षण वाया गेलं आहे, हे मला आधीच माहीत होतं.

गुरुवार, १३ मार्च

सगळ्यांची तोंडं एकदाची बंद व्हावीत म्हणून आज सहा नंबरवर मी स्वतः बसलो. नऊ ते पाच. यंत्र समोर. आकडा पाचानेही हलला नाही, दिसायला काचेसारखं लख्ख. बायका मान वर करत नव्हत्या. मी मधूनमधून आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

एकच पोरकट प्रकार. निघताना दुमडलेल्या बाह्या सोडल्या तर डाव्या बाहीचं काज बुजलेलं. बटण लागेना. घरी भिंगाखाली धरलं, टाका दिसत नाही. जणू तिथे काज कधी नव्हतंच. मी डबा खात असताना कुणीतरी हात मारला असणार. कारागिरी बरी आहे, अक्कल नाही.

शुक्रवार, १४ मार्च

पुन्हा बसलो. आज उजवा हात टेबलावर पसरून, नजर बाहीवर ठेवून. जवळपास कुणी फिरकलं नाही, हे शपथेवर लिहितो.

तीन वाजता खिशातलं पेन काढायला गेलो. खिशाला तोंडच नव्हतं. पेन आत, बोटांना लागतं, पण वर सलग कापड. घरी आल्यावर भाऊजींनी ब्लेडने कापून काढलं आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही.

त्याआधी टेबलावर असतानाच, पाचच्या सुमारास, दिव्यांवर जाळी आल्यासारखी वाटली. यंत्र डोळ्यांजवळ नेलं. एक हजार चाळीस. सलग दोन दिवस कुणीही एकटक बघत बसलं तर असं होणारच.

शनिवार, १५ मार्च

चष्मेवालीच्या घरी गेलो. का गेलो, ते लिहिण्याची गरज नाही. तिच्या नवऱ्याने दार उघडलं. बसा म्हणाला नाही.

ती खिडकीपाशी होती, तोंडावर ऊन. मी जवळ गेलो. वरची पापणी आणि खालची पापणी यांच्यामध्ये वीण आहे. केसाहून बारीक धागा, एक वर एक खाली, एक वर एक खाली. तिच्याच रंगाचा, म्हणून डॉक्टरला दिसला नाही. कानशिलावर एक लांब रेघ आहे, तिथली कातडी झिरझिरीत झालेली. धागा तिथून ओढून घेतलेला. काठाचा घेतात तसा.

तिने माझा आवाज ओळखला. दुखत नाही म्हणाली, फक्त सुईचं टोक लागतं. मग विचारलं, "आज किती आहे साहेब? आकडा?"

मी सांगितला. तिने मान हलवली. नवऱ्याने दार उघडून धरलं होतं.

रविवार, १६ मार्च

आज टेबलापासून लांब. घरी. तरीही.

आरशात डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चार धागे मोजले. ताईने बारीक कात्री आणली. तिचा हात नेमका चालला. चारही कापले. तिने कापूस घ्यायला पाठ फिरवली, वळली, तेवढ्यात सहा. ती माझं डोकं छातीशी धरून बसून राहिली. मी लहान असताना बसायची तशी. मी तिला हट म्हणालो नाही.

सोमवार, १७ मार्च

मोठ्या बाईंना गाठलं. उपाय विचारला. नाही म्हणाल्या. कोण आहे ते त्यांना माहीत नाही. त्या नोकरीला लागल्या तेव्हाही ते टेबल तसंच होतं. जे उघडं दिसेल ते बुजवतं. एकदा काम हातात घेतलं की अर्धं टाकत नाही.

मग मला आधीच का नाही सांगितलंत, असं मी ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं होतं. तुम्ही कागदावर घेतलंत की. मानसिक."

दालनातल्या कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १८ मार्च

डावा डोळा संपला. उजव्यात नखाएवढी फट. वही नाकाशी धरून लिहितो आहे.

मॅनेजरकडे गेलो, टेबल जाळा म्हणालो. त्याने माझाच अहवाल मला वाचून दाखवला. इतक्या उजेडात दिसत नाही म्हणता, असं म्हणाला — आवाज माझाच होता. म्हणजे तोच सूर. चष्मेवालीशी मी ज्या —

त्याने रजा लिहून दिली.

गुरुवार बहुतेक

उजव्या कानाला आवाज येत नाही. बोट घातलं तर भोक नाही. सपाट.

ताई दर तासाला कापते. कापलं की दुप्पट. पाणी पिताना उजवीकडून ओठ उघडला नाही — तिने तिथेही कात्री लावली — रक्त नाही येत, नुसती वीण उसवते, परत —

यंत्र मांडीवर आहे. आकडा दिसत नाही. भाऊजी वाचून सांगतात. मी विचारलं नाही तरी.

वार माहीत नाही

फट गेली. चाचपून लिहितो. ओळी एकमेकींवर चढत असतील.

तोंड डावीकडे बोटभर उरलंय. अंगठा आणि पहिलं बोट — पेनासकट — टाका पडतोय, कळतं. घाई नाही त्याला. एक वर, एक खाली —

ताई शेजारी आहे. कात्रीचा आवाज अजून डाव्या कानाला येतो. मध्येच थांबतो. भाऊजींना म्हणाली, आज इथला दिवा मंद का वाटतोय. भाऊजी म्हणाले, नाही गं, लख्ख आहे.

सकाळपासून तीनदा म्हणाली. डोळे चोळतेय.

तिला ओरडून सांगायचं आहे, हात लावू नकोस मला, कात्री टाक — ओठ हलत नाहीत — भाऊजी, हे वाचा, तिला आधी लांब न्या, माझं राहू दे, तिचे डोळे बघा, कोपऱ्यात बघा, उन्हात धरून ब