ह्यांच्या ताटातला भात

४ ऑगस्ट

जमलं! ह्यांना पत्ता लागला नाही.

फुलकोबी किसली, पंच्यात बांधून पाणी पिळून काढलं, तुपावर जिऱ्याची फोडणी दिली आणि झाकण न ठेवता परतली. झाकण ठेवलं की लगदा होतो — हे दोनदा नासवल्यावर कळलं. मग निम्मा खरा भात, निम्मी ही. वर आंबट वरण. हे जेवले, हात धुतला आणि म्हणाले, "आज भात मोकळा झालाय."

हसू कसं आवरलं माझं मला ठाऊक! त्या मोठ्या तापानंतर ह्यांचं नाक गेलं ते गेलंच, जिभेलाही धड काही कळत नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचाय. पांढरं दिसलं की तो भात.

लपवून करायची हौस नाही मला. आधी सरळ सांगून पाहिलं होतं. "भात सोड म्हणतेस? श्वास सोड म्हण की!" हे उत्तर. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण शुगरचा आणि भाताचा हिशेब मांडायला तयार नाही. मग मी मांडते.

९ ऑगस्ट

कणकेत सोयाबीनचं पीठ आणि जवसाची पूड. पोळी जरा तुटते, पण तूप लावलं की खपते. बटाट्याऐवजी नवलकोल — रस्सा तिखट केला की कुणाला कळतंय! पोह्यांच्या जागी कोबी अगदी बारीक चिरून, वर शेंगदाणे, लिंबू. "पोहे भिजवताना पाणी जास्त झालं वाटतं," म्हणाले. हौ, झालं जास्त.

मृण्मयी बंगलोरहून रोज शुगरवरचा एक व्हिडिओ पाठवते. फोनवर म्हणाली, "आई, बाबांना सांगून कर ना." म्हटलं, तूच सांग मग. लगेच विषय बदलला. बापाला सगळे भितात, आणि निस्तरायला मी.

सकाळची शुगर उतरायला लागलीय. ह्यांना वाटतं ती फिरण्याने उतरली. वाटू दे.

१७ ऑगस्ट

ह्यांचं इन्सुलिन — त्याचं मला काहीच कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. सुई पाहिली की मी तोंड फिरवते. म्हणून हे खोलीचं दार लावून घेतात, टोचून बाहेर येतात आणि पाटावर बसतात. एकदा समजावायला आले होते — किती टोचायचं, का टोचायचं. मी कानावर हात ठेवले. "तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघते." तेव्हापासून दाराच्या आत त्यांचं राज्य, ओट्यावर माझं.

एकीकडून सुई, दुसरीकडून माझी फुलकोबी. दुहेरी मार! शुगर जाईल कुठे?

२६ ऑगस्ट

दुपारी जेवून तासभर झाला असेल. बनियन घामाने चिंब, पंखा फुल. वर्तमानपत्र धरलेले हात थरथरत होते. "काय होतंय?" विचारलं तर अंगावर ओरडले. पेपर भिरकावला! ह्या घरात आवाज चढतो तो माझा — ह्यांचा मी कधी ऐकला नाही. संध्याकाळी विचारलं, का हो असं ओरडलात? म्हणाले, "मी? कधी?"

बरं वाटलं नाही.

३ सप्टेंबर

आज काळजात चर्र झालं.

सुलतान बाजारच्या वाचनालयात हे रोज दुपारी जेवून जातात. पुस्तकं सांभाळायचं बिनपगारी काम, पण नोकरीत नव्हता तेवढा मान. किल्ली ह्यांच्याकडे असते. आज एक रिक्षावाला ह्यांना घेऊन आला. जामबागेत चौकात उभे होते म्हणे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, घराकडे, नारायणगुड्याला कुठून जायचं! जामबागेत! जिथे आयुष्य शिकवण्यात गेलं! रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, साब को अकेले मत छोडो, परेशान लग रहे थे." खोबऱ्याची वडी मागून खाल्ली म्हणे त्याच्याकडून. तासाभराने एकदम ठीक. लाजले. "ऊन फार होतं गं."

मामंजींचं असंच सुरू झालं होतं. आधी रस्ता, मग माणसं. शेवटी तर स्वतःच्या लेकाला "कोण रे तू?" म्हणायचे. हे तेव्हा रोज रात्री मला म्हणायचे, "रजनी, माझं असं होऊ देऊ नकोस." ते काय माझ्या हातात होतं? पण म्हणायचे.

आज मृण्मयीच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता — शुगर मेंदू खाते. वाळवी लाकूड खाते तशी.

म्हणजे वेळ घालवून चालायचं नाही.

४ सप्टेंबर

आजपासून ह्यांच्या भातात भात नाही. सगळी फुलकोबी. दहीभातही तिचाच, त्यात थोडं पनीर कुस्करून. पोळीत कणीक नावापुरती. ह्यांचं डोकं मी वाळवीला देणार नाही!

१२ सप्टेंबर

स्वयंपाकघरात गेले तर हे ओट्याशी उभे. साखरेचा डबा छातीशी, आणि चमच्याने बकाबका साखर खातायत. लहान मुलासारखे. हनुवटीवर साखर, कपाळावर घाम. मी डबा ओढून घेतला. तो इतका घट्ट धरला होता की बोटं सोडवावी लागली.

"अहो, लाज वाटते का?"

"काय की गं... खावंच वाटायलंय. नाही खाल्लं तर मरेन असं वाटायलंय."

व्यसन. दुसरं काय! दारुडे असंच बोलतात. संध्याकाळी सुलतान बाजारातून ती बिनसाखरेची गोड पूड आणली आणि डब्यात भरली. खरी साखर जास्तीची आहे सांगून शेजारच्या रेणूला देऊन टाकली. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतात, त्याही काढून शुगर-फ्री ठेवल्या. आता खा म्हणावं हवं तेवढं!

२१ सप्टेंबर

केशवरावांचा फोन. वाचनालयाचे अध्यक्ष, ह्यांचे जुने सहकारी. "वहिनी, दत्तात्रयरावांची तब्येत बरी आहे ना? दोनदा कुलूप न लावताच घरी गेले. काल कवितांची पुस्तकं सगळी कायद्याच्या कपाटात लावली. मी काही बोललो नाही, पण..."

आणि फोन ठेवला.

मी करतेय त्याला उशीर झाला असेल का?

२२ सप्टेंबर

उत्साहाने केलेलं ताट ह्यांनी अर्धं टाकलं. टोचून आले होते, तरी. भूक नाही म्हणाले. मीही आग्रह केला नाही. म्हटलं, तेवढंच कमी.

२८ सप्टेंबर

दोन दिवसांनी लिहितेय. 

परवा दुपारी जेवण झालं. मी ओटा पुसत होते. धाडकन आवाज आला. हे खुर्चीतून खाली, तोंड वाकडं, काहीतरी बरळत होते — शब्दच नव्हते ते. मी ओरडले. रेणू धावत आली. तिच्या आईला शुगर आहे, तिला कळलं. "काकू, शुगर उतरली, साखर द्या, लवकर!" तिनेच डबा काढला, ग्लासात दोन-तीन चमचे ढवळले, ह्यांच्या ओठांना लावलं. थोडं प्यायले. ती म्हणत होती, "बस, आता येतील शुद्धीवर. येतीलच!"

मी बघत उभी होते. डबा ओळखीचाच होता. त्यातली पूड मीच भरली होती.

नाही आले शुद्धीवर. रेणूने पुन्हा पाजायला घेतलं, पण हे गिळेनात. मग तिने गाडी बोलावली.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा डोळे उघडले. डॉक्टर तरुण होता, आवाज शांत. "अम्मा, शुगर तीसच्या खाली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." मग विचारलं, "जेवले काय होते?"

मी म्हटलं, "नेहमीचंच. वरणभात, दोन पोळ्या."

का म्हटलं? घाबरले. स्वच्छ घाबरले. फोनवर मृण्मयी ऐकत होती, रेणू बाजूला उभी.

डॉक्टर म्हणाला, "एवढं जेवून इतकी खाली? मग एकच. इंजेक्शन घेतल्याचं विसरले आणि पुन्हा घेतलं." मग समजावून सांगितलं — इन्सुलिन जेवणाच्या मापाने असतं. भात कमी केला तर तेही कमी करावं लागतं, नाहीतर शुगर फार उतरते. घाम, थरथर, चिडणं, रस्ता न सुचणं, सगळं त्याचंच. हळूहळू, नीट सांगितलं त्याने. ह्या वेळी कानावर हात ठेवता आले नाहीत.

हे पलंगावरून म्हणाले, "हौ डॉक्टर. मीच दोनदा घेतलं असेल. माझं डोकं आता राहिलं नाही."

३ ऑक्टोबर

घरी आलो. इंजेक्शनचं प्रमाण डॉक्टरने उतरवलं, आणि टोचायचं मी! चिठ्ठीवरचा आकडा दोनदा वाचते, मग टोचते. हे शर्ट वर करून मुकाट्याने बसतात. म्हणतात, "तू आहेस म्हणून बरं आहे गं."

कुकर लावला. खरे तांदूळ.

८ ऑक्टोबर

घाम नाही, थरथर नाही. पेपरातलं कोडं चहा संपायच्या आत सोडवलं. डोकं लख्ख आहे ह्यांचं! पण ह्यांना ते पटत नाही. भाजी आणायलाही एकटे जात नाहीत. बाथरूमला जातानाही सांगून जातात. मृण्मयी म्हणते, दिवाळीनंतर दोघांना बंगलोरला नेते, बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नाव घातलंय.

एक वाक्य. माझं एक वाक्य बोललं की सगळं थांबेल.

११ ऑक्टोबर

केशवराव आले. ह्यांनीच बोलावलं होतं. किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "वडिलांचंच आलंय माझ्याकडे. एखाद्या दिवशी पुस्तकांना काडी लावून बसेन, सांगता येत नाही." केशवरावांनी डोळे पुसले. "नक्को हो, असं काय बोलता," म्हणाले, पण किल्ली खिशात घातली.

मी पोहे दिले. खरे पोहे. दोघांनी तारीफ केली.

१२ ऑक्टोबर

उद्या सांगते.

१३ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

१७ ऑक्टोबर

सांगितलं.

जेवताना. काल मृण्मयीने तिकिटं काढली, आणि रात्री हे कपाटातली पुस्तकं वाटून टाकायला वेगळी काढत होते. तेच डोळ्यांसमोर होतं. म्हटलं, "तुम्ही दोनदा टोचलं नव्हतं. ताटात भातच नव्हता." मग सगळं — कोबी, सोयाबीन, डबा, गोळ्या, डॉक्टरला बोललेलं खोटं.

हे वर्गात उत्तर तपासावं तसं विचारत गेले. "कधीपासून?" ऑगस्टपासून. "जामबागेत हरवलो तेव्हाही?" हौ. "म्हणजे माझं डोकं..." ठीक आहे, म्हटलं. तुमचं डोकं ठीक आहे.

तिथेच बसून रडले. रागाने नव्हे — मामंजींसारखं होणार नाही म्हणून. मीही रडले. मग हात धुतला, शर्ट घातला आणि एकटे खाली उतरले. तासाभराने किल्ली घेऊन आले. मृण्मयीला स्वतः फोन करून तिकिटं रद्द करायला लावली.

 माझ्यावर ओरडले नाहीत. वाटलं, सुटलो आपण. मोठं संकट टळलं.

रात्री ताट वाढलं. "भूक नाही," म्हणाले.

१९ ऑक्टोबर

सकाळी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकली म्हणून गेले. हे कुकर घेऊन उभे. लग्न झाल्यापासून ह्यांनी गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता. माझ्याकडे न बघता विचारलं, "तांदळाला पाणी किती घालायचं?"

सांगितलं.

एका माणसापुरते तांदूळ धुतले त्यांनी.